दोन वाटा आणि सत्तर रुपये

जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात १८६६ साली एक रंगीत चित्र छापलं गेलं. कल्पना शार्लोट राइलेन नावाच्या एका धर्मनिष्ठ बाईंची. डावीकडे रुंद रस्ता, उजवीकडे अरुंद वाट. रुंद रस्त्यावर नाटकगृह, नाचघर, जुगाराचा अड्डा आणि शेवटाला आगीत होरपळणारं शहर. अरुंद वाटेवर चर्च, रविवारची शाळा, आणि वर टोकाला झळाळणारी स्वर्गनगरी. या सगळ्यावर लक्ष ठेवून असलेला, त्रिकोणातला देवाचा डोळा. रुंद बाजूला वरच्या अंगाला एक आगगाडीही धावताना दिसते, कारण रविवारी गाडी चालवणं त्या मंडळींच्या लेखी पापच होतं. मुंबईत दर रविवारी मेगाब्लॉक असतो हे त्यांना कळलं असतं तर फार बरं वाटलं असतं.

आमच्या संडे स्कूलच्या भिंतीवर याच चित्राची कुणीतरी हाताने उतरवलेली, फिकी पडलेली नक्कल आहे. मी तिथे मोठ्या मुलांचा वर्ग घेतो. मागच्या वर्षी मुलांना सांगितलं, या चित्रात स्वतःला काढा. सगळ्यांनी अर्थातच उजव्या वाटेवर काढलं. एकटा नऊ-दहा वर्षांचा पोरगा पेन्सिल धरून बसून राहिला. म्हणाला, "सर, मी रविवारी इकडे असतो आणि सोमवारी तिकडे. मग मला कुठे काढू?"

मी त्याला काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न चोख होता. ख्रिस्ती श्रद्धेत 'नीतिमान' आणि 'दुष्ट' असे दोन शब्द सतत भेटतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं की देवाने माणसांच्या दोन राशी करून ठेवल्या आहेत. बायबल नीट वाचलं तर तिथे राशींपेक्षा वाटाच जास्त आहेत. वाट म्हटलं की चालणं आलं, चुकणं आलं, मागे फिरणंही आलं.

चित्र ज्या वचनांवर उभं आहे ती मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे मत्तयाने सांगितलेल्या येशूच्या चरित्रात, सातव्या अध्यायात आहेत: तेरावं आणि चौदावं. दार अरुंद, वाट अडचणीची, ती सापडणारे थोडे. दुसरं दार रुंद, तिकडून जाणारे पुष्कळ. एवढंच. नाटकगृहाचं नाव नाही, जुगाराचं नाही, आगगाडीचं तर शक्यच नाही. ही वचनं येतात येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाच्या शेवटाकडे, म्हणून अरुंद वाट म्हणजे काय हे आधीच्या दोन-अडीच अध्यायांत शोधायचं. तिथे काय आहे? भावावर धुमसत राहू नकोस. डोळ्याबद्दल डोळा मागू नकोस. वैऱ्यावर प्रीती कर. दान करशील तर डाव्या हाताला उजव्याचं कळू देऊ नकोस. आणि आपण मराठीत येता-जाता वापरतो ते कुसळ-मुसळसुद्धा याच सातव्या अध्यायात, वाटेच्या दहा वचनं आधी आहे. मूळ ग्रीकमध्ये डोळ्यात घराची तुळई आहे. आपल्या भाषांतरकारांनी तिचं मुसळ केलं आणि फार चांगलं केलं.

म्हणजे अरुंद वाटेवर अंग चोरून जावं लागतं ते राग, सूड आणि देखावा एवढं गाठोडं डोक्यावर असताना त्या दारातून आत जाता येत नाही म्हणून. नाटक न बघणं त्या मानाने सोपं आहे.

दोन वाटांची कल्पना येशूच्या कितीतरी आधीची. मोशेच्या तोंडून ती बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात येते: तुमच्यापुढे जीवन आणि मरण ठेवलं आहे, जीवन निवडा. आज जिथे नाब्लुस शहर आहे तिथे समोरासमोर दोन डोंगर आहेत, गरिज्जीम आणि एबाल. इस्राएलाच्या सहा वंशांनी एकावर उभं राहायचं, सहांनी दुसऱ्यावर. एकीकडे आशीर्वाद, दुसरीकडे शाप. मधल्या खोऱ्यात उभं राहिलं की निवड अक्षरशः डावी-उजवीकडे दिसावी, अशी ती योजना. पण मला स्वतःला ही गोष्ट समजली ती बायबलातल्या स्तोत्रसंहितेच्या पहिल्या स्तोत्रातून, आणि तीही उशिरा.

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. पहिलं स्तोत्र फक्त सहा वचनांचं, वाड्याच्या दिंडीदरवाजासारखं. सुरुवातच अशी की धन्य तो माणूस, जो दुर्जनांच्या सल्ल्याने चालत नाही, पाप्यांच्या वाटेत उभा राहत नाही, टवाळांच्या बैठकीत बसत नाही. तीन क्रियापदं: चालणं, उभं राहणं, बसणं. लहानपणी पाठ करताना वाटायचं, एकच गोष्ट तीनदा सांगितली आहे. तसं नाही, हे मला पहिल्या नोकरीत कळलं.

पुण्यात नोकरी होती. कामासाठी पार्टीकडे जावं लागे, रिक्षाचे पैसे ऑफिस द्यायचं, त्यासाठी व्हाउचर भरायचं. जाऊन-येऊन एकशे ऐंशी व्हायचे. एकदा जिना उतरताना एक सीनियर म्हणाला, "अडीचशे लाव रे. सगळे लावतात. चहापाण्याचं कोण देतं आपल्याला?" मी त्याच्याबरोबर चालत होतो, ऐकत होतो, बोललो काहीच नाही. पुढच्या आठवड्यात मीच थांबून त्याला विचारलं, "अडीचशे चालतात ना नक्की?" दोनेक महिन्यांनी आम्ही चौघं जेवणाच्या टेबलाशी बसून, नव्याने लागलेल्या एका मुलाला हसत होतो. का, तर त्याने एकशे ऐंशी लिहिले होते.

चाललो, थांबलो, बसलो. स्तोत्रकर्त्याने जवळजवळ माझं व्हाउचरच लिहून ठेवलं होतं. आणि शेवटी बसायचं कुठे, तर टवाळांच्या बैठकीत. दुष्टपणाची पूर्ण वाढ झाली की तो चोरी करतो असं स्तोत्र म्हणत नाही. तो हसायला लागतो, असं म्हणतं. सरळ वागणारा त्याला बावळट वाटू लागतो. या एका निरीक्षणासाठी मी त्या अनाम कवीला कायम मानत आलो आहे.

नीतिमान माणसाचं वर्णन मात्र अगदी साधं. तो परमेश्वराच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो. 'मनन' म्हटलं की आपल्याला डोळे मिटून बसलेला माणूस दिसतो. मूळ हिब्रू क्रियापद 'हागा' आवाजाचं आहे. यशयाच्या पुस्तकात हेच क्रियापद शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहाला वापरलं आहे आणि घुमणाऱ्या पारव्यालाही. म्हणजे तोंडातल्या तोंडात घोळवत राहणं. जात्यावर बसलेली बाई ओवी गुणगुणते ना, त्याच्या जवळचं काहीतरी. हात कामात, ओठांवर शब्द.

आणि मग ते झाड. प्रवाहाजवळ लावलेलं, हंगामात फळ देणारं, पान न कोमेजणारं. इथेही दोन शब्द हळू वाचण्यासारखे आहेत. 'लावलेलं' यासाठी जो हिब्रू शब्द आहे त्यात दुसरीकडून आणून लावल्याचा अर्थ आहे, आणि 'प्रवाह' हा शब्द काढलेल्या पाण्याच्या पाटांनाही चालतो. ज्यांच्याकडे बाग आहे त्यांना फोड करून सांगायला नको. पाटाच्या कडेचं झाड आपोआप तिथे उगवलेलं नसतं. कुणीतरी रोप आणलं, खड्डा केला, पाणी वळवलं. झाडाचं कर्तृत्व एवढंच की मुळं पाण्याच्या बाजूला गेली.

दुष्ट कसा, तर भुसासारखा. माझ्या आजोळी मळणीनंतर मामा उंच तिवईवर उभा राहून वाऱ्यावर धान्य उफणायचा. दाणे सरळ खाली पडायचे, भूस तिरकं उडून लांब जाऊन बसायचं. तो कुणी भुसाला शिक्षा करत नव्हता. भुसाला वजन नसतं म्हणून ते वाऱ्यावर जातं. स्तोत्राचं शेवटचं वचनही असंच तोलून लिहिलेलं आहे: परमेश्वर नीतिमानांचा मार्ग जाणतो, दुष्टांचा मार्ग नष्ट होतो. मार्ग नष्ट होतो. आडरानात शिरलेली पायवाट जशी पुढे झुडपांत विरून जाते, तशी.

आता 'नीतिमान' या शब्दाकडे वळू, कारण निम्मा घोटाळा तिथेच आहे. मराठीत नीतिमान म्हणजे नीतीने वागणारा, चारित्र्याला डाग नसलेला. शब्द चांगला आहे, पण हिब्रूतल्या 'त्सद्दीक' या शब्दाला नात्याचा आणि न्यायसभेचा वास आहे. नात्याने आलेली जबाबदारी ज्याने पाळली आणि म्हणून ज्याची बाजू खरी ठरली, तो त्सद्दीक. हे व्याख्येने पटत नाही, गोष्टीने पटतं.

बायबलाच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या ३८व्या अध्यायात तामार नावाची विधवा आहे. नवरा मेला, त्या काळच्या रीतीप्रमाणे दिराशी लावून दिली, तोही मेला. सासरा यहूदा म्हणाला, धाकटा मोठा होईपर्यंत माहेरी राहा. धाकटा मोठा झाला, तरी सासऱ्याने शब्द पाळला नाही. मग तामारने तोंडावर बुरखा घेतला आणि तो ज्या रस्त्याने जाणार होता तिथे वेश्येसारखी बसली. त्याने ओळखलं नाही. मोबदल्याचं तारण म्हणून तिने त्याची मुद्रा, गोफ आणि काठी ठेवून घेतली. तीन महिन्यांनी कळलं की सून गरोदर आहे, तेव्हा सासरेबुवा गरजले, बाहेर काढा, जाळा तिला. तिने तीन वस्तू पाठवल्या: ज्याच्या या वस्तू, त्याचं हे मूल. यहूदाने ओळखल्या आणि म्हणाला, ती माझ्यापेक्षा नीतिमान आहे.

हा तोच शब्द, त्सद्दीक याच्या धातूतला. आपल्या गल्लीतलं मत घेतलं असतं तर तामारला कुणी नीतिमान म्हटलं नसतं. पण त्या घराशी असलेलं नातं तिने निभावलं आणि त्याने मोडलं, हा तिथला हिशेब. आणि मत्तयाने येशूची वंशावळ दिली आहे तिच्या तिसऱ्याच वचनात तामारचं नाव आहे, हेही जाता जाता पाहून ठेवावं.

'पाप' या शब्दाचंही तसंच. हिब्रूतला नेहमीचा धातू 'खाता', म्हणजे नेम चुकणं. बायबलातल्या 'शास्ते' या पुस्तकात बन्यामीन वंशातले सातशे डावखुरे गोफणबाज येतात. केसावर नेम धरला तरी त्यांचा धोंडा चुकत नसे. तिथे 'चुकत नसे' यासाठी हेच क्रियापद आहे. नेम चुकला म्हणजे पाप लहान झालं असं नाही. गोफणीचा धोंडा चुकला तरी कुणाच्या तरी कपाळात बसतोच.

सत्शील माणसाचं भलं होतं आणि दुष्टाचा नाश होतो, असं पहिलं स्तोत्र ठासून सांगतं. पण हे रोज डोळ्यांसमोर घडताना दिसत नाही, आणि ही तक्रारही बायबलातच नोंदलेली आहे. ७३व्या स्तोत्रात त्याचा कवी आसाफ कबूल करतो की दुर्जनांची भरभराट पाहून त्याचे पाय घसरायचेच बाकी होते. त्यांची अंगं धष्टपुष्ट, त्यांना इतरांसारखी पीडा नाही. मग मी उगाच मन स्वच्छ ठेवलं का? निर्दोष असून सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचं अख्खं पुस्तक याच जखमेवर आहे. ईयोबाचे मित्र त्याला पहिल्या स्तोत्राचंच गणित उलटं करून सांगत बसतात: तुझ्यावर संकट आलं, म्हणजे तू पाप केलंस. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. आजारी माणसाच्या खाटेपाशी बसून त्याच्या पापांची चौकशी करणाऱ्या भाविकांनी तो शेवटचा अध्याय जरूर वाचावा.

इथपर्यंतचं सगळं यहुदी परंपरेतलं, ख्रिस्ती लोकांनी वारशाने घेतलेलं. येशूच्या एका दाखल्यात मात्र हे चित्र एकदम हलतं. लूकाच्या १८व्या अध्यायात दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात, एक परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, आणि एक जकातदार. परूशी म्हणजे ढोंगी हे समीकरण आपण फार सहज करतो. हा परूशी खोटं काही बोलत नाही. तो खरंच आठवड्यातून दोनदा उपास करतो, खरंच मिळकतीचा दहावा हिस्सा देतो. जकातदार हा परकीय सत्तेच्या छायेत वसुली करणारा, वर स्वतःचं काढणारा; शेजारपाजारी त्याच्या घरचं पाणी पिणार नाहीत असा. तो मान वर करत नाही, ऊर बडवत म्हणतो, देवा, मज पाप्यावर दया कर. आणि येशू म्हणतो, नीतिमान ठरून घरी गेला तो हा दुसरा.

ऐकणाऱ्यांना हे केवढं झोंबलं असेल. कारण 'ठरला' म्हटल्यावर ठरवणारा दुसरा कुणीतरी आला. प्रेषित पौलाने पुढे याच धाग्याचा गोफ विणला. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तो आधी म्हणतो, नीतिमान कोणी नाही, एकही नाही. मग म्हणतो, विश्वास ठेवणाऱ्याला देव नीतिमान ठरवतो, अब्राहामाला ठरवलं तसं. आता कुणीही विचारेल, मग चांगलं वागायचं कशाला? पौलालाही विचारलं असणार, कारण सहाव्या अध्यायात तो स्वतःच हा प्रश्न काढून फेटाळतो.

या प्रश्नावरून युरोपात ख्रिस्ती मंडळी दुभंगली. प्रोटेस्टंट सुधारणेचा जर्मन प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याचं म्हणणं, माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो. आणि ठरल्यावरही तो एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो. कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत १५४७ साली उत्तर दिलं की देवाची कृपा माणसाला नुसतं नीतिमान ठरवत नाही, आतून तसं घडवतेही, आणि माणसाने त्या कृपेला साथ द्यायची असते. भांडण साडेचारशे वर्षं चाललं. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये लुथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: आम्ही कृपेनेच स्वीकारले जातो, आपल्या पुण्याईने नव्हे, आणि ती कृपाच आम्हाला सत्कर्मांसाठी उभं करते. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण मूळ गाठ सुटली.

सोपं करून सांगायचं तर दत्तक मुलाचं पाहा. पौलानेही दत्तकपणाचा दृष्टांत दिला आहे. मूल घरात येतं त्या दिवशी त्याला घरची रीत काही ठाऊक नसते. तरी ते त्या दिवसापासून घरचंच असतं, नाव लागतं, ताट मांडलं जातं. रीत मागाहून अंगवळणी पडते. ती शिकल्यावरच तुला घरचा समजू, असं कुणी म्हणत नाही. पण घरात राहून दहा वर्षांनीही त्याने काहीच उचललं नाही तर काहीतरी बिनसलं आहे हेही घरच्यांना कळतं. बायबलातलं याकोबाचं पत्र एवढंच म्हणतं: कर्मांवाचून विश्वास मेलेला आहे. ल्यूथरला ते पत्र आवडत नसे, पेंढ्याचं पत्र म्हणायचा तो. मला आवडतं.

आता त्या मुलाच्या पेन्सिलीकडे. रविवारी इकडे, सोमवारी तिकडे.

याचं उत्तर मत्तयाच्या १३व्या अध्यायातल्या गहू आणि निदणाच्या दाखल्यात जास्त चांगलं आहे, हे मला त्या दिवशी सुचलं नाही. शेतकऱ्याने चांगलं बी पेरलं, रात्री वैऱ्याने येऊन निदण पेरलं. ओंबी धरेपर्यंत हे विषारी तण हुबेहूब गव्हासारखं दिसतं. गडी म्हणतात, उपटू का? धनी म्हणतो, नको. निदण काढताना गहूही उपटाल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. निंदणी करणाऱ्या कुठल्याही माणसाला हा सल्ला विचित्र वाटेल, आणि तो तसा वाटावा हेच दाखल्याला हवं आहे. दाखल्यातलं शेत म्हणजे जग. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने ते चर्चलाही लावलं: फक्त शुद्ध माणसांची मंडळी करू पाहणाऱ्यांना तो म्हणाला, इथे दोन्ही मिसळलेलं आहे, निवड करणारे तुम्ही कोण?

ऑगस्टीनला हे स्वतःवरून माहीत होतं. सोळाव्या वर्षी त्याने गावातल्या पोरांबरोबर रात्री शेजारचं नासपतीचं झाड ओरबाडलं. भूक नव्हती, घरी याहून चांगली नासपती होती. चाखली न चाखली आणि डुकरांपुढे टाकली. पुढे चाळिशी ओलांडल्यावर त्याने या फुटकळ चोरीवर पानंच्या पानं लिहिली आणि सारखा एकाच मुद्द्याशी अडला: एकटा असतो तर मी हे केलं नसतं. पुन्हा तेच. कुणाबरोबर चाललास, कुठे उभा राहिलास, कुणात बसलास.

मग रोजच्या आयुष्यात वाट ओळखायची कशी? जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची रीत मला सगळ्यांत वापरण्याजोगी वाटते. हा स्पेनमधला बास्क सरदार १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून घरी खाटेला खिळला. वेळ जावा म्हणून त्याने शूरवीरांच्या प्रेमकथा मागितल्या. घरात मिळालं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं. तो तासन् तास दिवास्वप्नं पाहायचा. कधी एका थोर घराण्यातल्या स्त्रीसाठी पराक्रम गाजवण्याची, कधी संतांसारखं अनवाणी यरुशलेमेला जाण्याची. पाहताना दोन्ही गोड. पण त्याच्या लक्षात आलं की पहिलं स्वप्न सरलं की मन कोरडं पडतं, दुसरं सरल्यावरही प्रसन्नता रेंगाळते. निवडीची त्याची सगळी शिकवण या मागे राहणाऱ्या चवीवर उभी आहे. दिवसातून दोनदा थांबून ती तपासायची, असा त्याच्या मंडळींचा नेम. त्याचाच सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरला.

चव मात्र बधिर होते. अडीचशेचं तिसरं व्हाउचर भरताना मला काहीही वाटलं नव्हतं. त्यावर इग्नेशियसने एक खूण सांगितली आहे: वाईट प्रेरणा लबाड प्रियकरासारखी वागते, कुणाला सांगू नकोस म्हणते. जे आईला, मित्राला, पाळकाला सांगताना जीभ अडखळते त्यापाशी थांबायचं. कॅथलिक लोकांकडे यासाठी पापनिवेदन आहे, गोव्यातल्या कोकणीत कुमसार. आम्हा प्रोटेस्टंटांकडे प्रभुभोजनाआधी स्वतःची पारख करायची असते, आणि खरं सांगायचं तर ती दोन मिनिटांत उरकते.

पहिल्या पिढ्यांतले ख्रिस्ती या बाबतीत अधिक व्यवहारी होते. 'डिडाखे' नावाची एक छोटी ग्रीक पोथी १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये ब्रायेनिओस नावाच्या धर्मगुरूंना सापडली. प्रत १०५६ सालची, पण मजकूर पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपासचा असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. सुरुवातच दोन वाटांची, एक जीवनाची आणि एक मरणाची. तिच्यात एक गंमतही आहे: ढोंगी लोक सोमवारी आणि गुरुवारी उपास करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. वार बदलले की ढोंग संपलं! पण त्याच पोथीत दोन वाटा सांगून झाल्यावर एक ओळ येते, जी मी त्या मुलाला सांगायला हवी होती: प्रभूचं सगळं जू तुला पेलवत असेल तर तू परिपूर्ण होशील, नसेल पेलवत, तर जेवढं जमेल तेवढं कर.

आणि वळणं कसं दिसतं, ते जक्कयाच्या गोष्टीत. यरीहोचा मुख्य जकातदार, श्रीमंत, बुटका. गर्दीतून येशू दिसेना म्हणून पळत पुढे जाऊन उंबराच्या झाडावर चढला. येशू थांबला, वर पाहिलं, म्हणाला, खाली ये, आज तुझ्या घरी उतरायचं आहे. पश्चात्तापावर एक शब्द नाही. आधी घरी येणं, मग पुढचं. लोक कुरकुरले. आणि जक्कय उभा राहून आकडे बोलला: अर्धी मिळकत गरिबांना, ज्याचं लबाडीने घेतलं त्याला चौपट परत. नियमशास्त्र एवढं मागत नव्हतं. त्यातलं 'लेवीय' हे पुस्तक म्हणतं, फसवून घेतलेलं आपणहून परत करणाऱ्याने मुद्दल द्यावं आणि वर पाचवा हिस्सा. दुसऱ्या दिवशी त्याच्या दाराशी कोण कोण आपापले आकडे घेऊन उभं राहिलं असेल, हे लूक सांगत नाही.

हा लेख लिहिताना मीही एकदा कागद घेऊन बसलो. फेरीमागे सत्तर रुपये, आठवतील तशा मोजल्या तर ४५ फेऱ्या, म्हणजे ३१५०. लेवीयाच्या हिशेबाने ३७८०. जक्कयाच्या हिशेबाने १२,६००. ते ऑफिस अजून त्याच इमारतीत आहे, दुसऱ्या मजल्यावर. जिनाही तोच आहे.